ऑनलाइन खरेदी : आपल्या मुलांची भीती कुठे बरोबर, कुठे चुकते?

रमजानचा शेवटचा अशरा लागला की मुंब्रा असो, कोंढवा असो, भिवंडी असो की मालेगाव, इफ्तारच्या आधी गल्लीगल्लीत कुरिअरवाल्या पोरांच्या बाइक दिसू लागतात. कुणाचा अबाया, कुणाचा पठाणी, कुणाचं अत्तर, कुणाचा अजवा खजूर. तरावीहनंतर बाजारात फेरी मारायची मजा अजून आहेच, पण बरीचशी खरेदी त्याआधी मोबाइलवर उरकलेली असते. आणि घरात ती करणारा सहसा एकच जण असतो : नोकरीला लागलेला मुलगा किंवा मुलगी. अब्बूंचा चष्मा, अम्मीचं बीपीचं मशीन, धाकट्याचे बूट, गावाकडच्या फूफींचा मिक्सर, सगळ्यांच्या ऑर्डरी त्याच एका फोनवरून जातात आणि पैसेही त्याच एका पगाराच्या खात्यातून.

म्हणूनच ही मुलं ऑनलाइन खरेदी करताना घाबरतात. खातं रिकामं झालं तर नुसते बुटांचे पैसे जात नाहीत. घरभाडं, बहिणीची फी, अब्बूंची औषधं सगळंच अडकतं. या भीतीने त्यांना काही सवयी लावल्या आहेत. कार्डाचा नंबर कुठेच सेव्ह करायचा नाही. होता होईल तो कॅश ऑन डिलिव्हरी. खरेदीसाठी वेगळं खातं, त्यात मोजकेच पैसे. नाव ऐकलेल्या दोन-तीन ॲपबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि टाकलंच, तर ओळखीच्या कुणीतरी सांगितलेल्या इन्स्टाग्राम पेजवर.

या सवयी कुणी शाळेत शिकवल्या नाहीत. ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलेले किस्से आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे ऑडिओ, यातून त्या लागल्या. काही सवयी खरोखर कामाच्या आहेत. काही मात्र अशा, की आपण पुढच्या दाराला तीन कुलपं लावून बसलोय आणि मागचं दार सताड उघडं आहे. आज त्या जरा तपासून पाहू.

कार्डाची भीती आता थोडी जुनी झाली

"कार्ड टाकलं की हॅक होतं" हे वाक्य आपल्या घरांत सर्रास ऐकू येतं. पूर्वी त्यात तथ्य होतं. पण दरम्यान नियम बरेच बदलले. ऑनलाइन व्यवहाराला कार्डावरच्या आकड्यांशिवाय आणखी एक खूण, म्हणजे पासवर्ड किंवा ओटीपी, लागण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने २००९ पासून केली. २०२० पासून नवं कार्ड घेतलं तर ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू असतं. ऑनलाइन आणि परदेशी वापर आपण स्वतः चालू करायचा. तिसरा बदल सगळ्यात महत्त्वाचा. १ ऑक्टोबर २०२२ पासून कुठल्याही शॉपिंग ॲपला आपल्या कार्डाचा खरा नंबर स्वतःकडे ठेवता येत नाही. आपण 'कार्ड सेव्ह करा' म्हटलं की नंबराऐवजी एक टोकन तयार होतं. ते टोकन त्या एका दुकानापुरतंच असतं. उद्या त्या ॲपची माहिती चोरीला गेली, तरी चोराच्या हाती आपल्या कार्डाचा पूर्ण नंबर लागत नाही.

याचा अर्थ कार्ड बिनधास्त कुठेही टाका असा नाही. परदेशी वेबसाइटवर अनेकदा ओटीपी विचारलाच जात नाही, आकडे पुरतात. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये जाऊन 'इंटरनॅशनल' हे बटण बंद आहे ना, हे आजच पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि सेलच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर येणारी "९० टक्के सूट" वाली लिंक उघडूच नका. ते पान हुबेहूब खऱ्या ॲपसारखं दिसतं आणि तिथे आपण आकडेही देतो आणि ओटीपीही. तिथे टोकन-बिकन काही कामाला येत नाही. खरेदी करायची तर आपल्या फोनमधलं ॲप स्वतः उघडून करा. बँकांच्या वेबसाइटचा पत्ता आता 'डॉट बँक डॉट इन' असा संपतो, रिझर्व्ह बँकेने तशी सक्ती केली आहे. बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचं शेपूट वेगळं असेल तर तिथेच थांबा.

चोर आपल्याच हाताने पिन टाकून घेतो

आता मागच्या दाराकडे वळू. आजकालच्या बहुतेक फसवणुकीत कुणी काही 'हॅक' करत नाही. आपण स्वतः क्यूआर स्कॅन करतो, स्वतः रक्कम लिहितो, स्वतः पिन टाकतो. बँकेच्या नजरेत तो व्यवहार अगदी चोख असतो.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी ईदच्या आधी आमच्या पुतणीने इन्स्टाग्रामवर एक अबाया पसंत केला. पेजवर हजारो फॉलोअर, प्रत्येक फोटोखाली माशाअल्लाह, बायोमध्ये बिस्मिल्लाह. मेसेजला उत्तर देणारी बाई इतकी गोड की प्रत्येक वाक्याला "सिस्टर". किंमत २,४०० रुपये, ॲडव्हान्स पूर्ण, कॅश ऑन डिलिव्हरी नाही, "क्यों कि ईद का रश है". हीच मुलगी एका मोठ्या कंपनीत हिशेबाचं काम करते आणि नावाजलेल्या ॲपवर कार्ड टाकायला आजही कचरते. इथे मात्र तिने एका मोबाइल नंबरवर २,४०० पाठवून दिले. पैसे पाठवताना यूपीआयने जे नाव दाखवलं ते कुणा पुरुषाचं, पेजशी काडीचाही संबंध नसलेलं. तिने ते पाहिलं. तिला वाटलं, भाऊ असेल. अबाया आला नाही. आठवड्याने तिला ब्लॉक केलं. आणि तिने ते आम्हाला सांगितलं कधी? पाच महिन्यांनी, बोलता बोलता.

तिच्या हुशारीत काही कमी नव्हतं. मोठ्या ॲपला ती परकं समजत होती आणि त्या पेजला आपलं. सलाम केला, हिजाबातला फोटो दिसला, दोन हदीसा पोस्ट केलेल्या दिसल्या की आपल्या मनातला पहारेकरी झोपी जातो. फसवणाऱ्यांना हे नीट माहीत आहे. हे फक्त आपल्यातच होतं असं नाही. प्रत्येक समाजात, प्रत्येक भाषेत ठग त्या त्या समाजाचा पोशाख घालतो. पण आपल्याकडे अमानतदारीवर इतका भर आहे की "रसीद द्या", "दुकानाचा पत्ता सांगा" असं विचारणं म्हणजे समोरच्यावर शक घेतल्यासारखं वाटतं, आणि माणूस गप्प बसतो.

खरं तर व्यापारात विचारपूस करणं आपल्या दीनने कधीच वाईट मानलेलं नाही. हनफी फिक्हमध्ये न पाहिलेली वस्तू घेतली तर ती पाहिल्यावर परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे, त्याला खियारे-रूयत म्हणतात. "नो रिटर्न, नो एक्स्चेंज" लिहिणाऱ्या पेजवाल्यांनी हे जरूर आपल्या मौलानांना विचारून घ्यावं.

पैसे पाठवण्याआधी बघायचं काय, तर सगळ्यात आधी ते नाव. ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपना समोरच्याचं बँकेत नोंदलेलं खरं नाव दाखवणं बंधनकारक आहे. पूर्वी माणूस स्वतःला हवं ते नाव लावून ठेवत असे. दुकानाचं नाव एक आणि खात्याचं नाव भलतंच दिसलं की पिन टाकायचा नाही, आधी विचारायचं. पेज किती जुनं आहे, नाव किती वेळा बदललं, हे इन्स्टाग्रामच्याच 'या अकाउंटविषयी' भागात अनेकदा दिसतं. कमेंट बंद ठेवलेल्या पेजवर तर जाऊच नका. आणि पैसे *मिळण्यासाठी* पिन कधीही लागत नाही. जुना फ्रिज विकायला काढला आणि समोरचा म्हणाला, "हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील", तर पैसे येणार नाहीत, जातील.

बँक कधी भरून देते, कधी नाही

हे प्रत्येक नोकरदाराला माहीत हवं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे आपल्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले, त्यात ना आपली चूक ना बँकेची, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत आपण कळवलं, तर आपलं नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत झळ आपल्याला बसू शकते. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. आपली चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे.

पण आपण स्वतः ओटीपी सांगितला किंवा पिन टाकला, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं. म्हणजे फसलो हे लक्षात आल्यावर घरच्यांना काय सांगू, या विचारात घालवलेली प्रत्येक मिनिट आपल्याच खिशातून जाते.

इथे आपल्या समाजातली आणखी एक गोष्ट येते. व्याज टाळायचं म्हणून आपली बरीच मुलं क्रेडिट कार्ड घेत नाहीत, ईएमआयवर फोन घेत नाहीत. त्यांच्या निग्रहाचं कौतुकच आहे. कार्ड घेऊन वेळेत पूर्ण बिल भरणाऱ्यांचं काय, हा प्रश्न उलेमांचा, आमचा नाही. आम्ही फक्त व्यवहाराची बाजू सांगतो. क्रेडिट कार्डावर फसवणूक झाली तर वाद मिटेपर्यंत भांडण बिलावर चालतं, आपला पगार खात्यात शाबूत असतो. यूपीआय आणि डेबिट कार्डात पैसा आपल्या खात्यातून त्याच क्षणी निघून जातो. त्यामुळे क्रेडिट कार्ड न वापरणाऱ्याला इतरांपेक्षा जास्त खबरदारी घ्यावी लागते, आणि हे आपल्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही.

त्यातही एक चांगला पर्याय आहे. विसा, मास्टरकार्ड, रूपे, कुठलंही डेबिट कार्ड असो, वेबसाइटच्या पेमेंट पानावर कार्डाने पैसे भरले आणि वस्तू आलीच नाही किंवा भलतीच आली, तर आपल्या बँकेत त्या व्यवहारावर वाद नोंदवता येतो. याला चार्जबॅक म्हणतात. त्याला मुदत असते, म्हणून उशीर करायचा नाही, आणि ऑर्डरचा नंबर, चॅट, फोटो सगळं जपून ठेवायचं. कुणाच्या मोबाइल नंबरवर केलेलं यूपीआय मात्र हातात नोट दिल्यासारखं असतं. म्हणजे आमच्या पुतणीने ज्याची भीती बाळगली ते कार्ड तिला थोडंफार वाचवू शकलं असतं, आणि जे सोपं वाटलं त्याने काहीच वाचवलं नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी : अर्धी सुरक्षा

"वस्तू हातात आली की पैसे" हा नियम ऐकायला पक्का वाटतो. पण दारात कोण असतं? मुलगा ऑफिसात, मुलगी लोकलमध्ये. दार उघडतात अम्मी किंवा दादीजान. कुरिअरवाला म्हणतो, "सात सौ निन्यानवे का पार्सल है, आपके बेटे के नाम से." अम्मी कपाटातून पैसे काढून देतात. संध्याकाळी डबा उघडला तर आत जुनं फडकं किंवा पाच रुपयांची वस्तू. ऑर्डर कुणी दिलीच नव्हती. आपलं नाव-पत्ता-नंबर कुठून तरी गोळा करून असे सीओडी पार्सल पाठवणारे लोक आहेत. यावर उपाय अगदी साधा : घरात ठरवून टाका, मुलाने किंवा मुलीने "आज अमुक पार्सल येणार, इतके रुपये" असं सांगितलं असेल तरच घ्यायचं. नाहीतर परत. कुरिअरवाल्या पोरावर मात्र चिडू नका, बहुतेकदा त्या बिचाऱ्याला आत काय आहे ते माहीत नसतं.

दुसरा प्रकार : फोन येतो, "तुमचं पार्सल आलंय." आपण म्हणतो, मागवलंच नाही. "ठीक है, कॅन्सल करता हूँ, एक ओटीपी आया होगा, बता दीजिए." तो ओटीपी पार्सलचा नसतो, आपल्या खात्याचा किंवा व्हॉट्सॲपचा असतो. डिलिव्हरीचा खरा ओटीपी फक्त वस्तू हातात घेताना, दारात उभ्या माणसाला द्यायचा. फोनवर कुणालाही नाही. कुणी "पत्ता कन्फर्म करायला स्टार एकवीस लावून हा नंबर दाबा" म्हणालं तर तेही करू नका. त्याने आपले सगळे कॉल त्याच्याकडे वळतात, ओटीपी सांगणारे कॉलसुद्धा. चुकून दाबलं गेलं असेल तर ##००२# डायल केलं की वळवलेले कॉल बंद होतात.

आणि पोस्टाच्या नावाने "पत्ता अपूर्ण आहे, १२ तासांत लिंकवर अपडेट करा" असा मेसेज येतो तो खोटा आहे, सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही तसं जाहीर केलंय.

सीओडीचं तिसरं दुखणं परताव्याचं. रोख दिलेले पैसे परत कसे येणार? मग माणूस गुगलवर 'अमुक कस्टमर केअर नंबर' शोधतो. वर आलेला नंबर ठगाचा निघू शकतो. तो म्हणतो, "रिफंडसाठी हे ॲप टाका," आणि ते स्क्रीन दाखवणारं ॲप असतं; आपण बँकेचं ॲप उघडतो ते तिकडे दिसतं. कधी तो 'रिफंड फॉर्म' म्हणून एपीके फाइल पाठवतो. लग्नाची पत्रिका, ट्रॅफिकचा चलन, अशा नावांनीही या फाइली फिरतात. प्ले स्टोअरबाहेरचं काहीही फोनमध्ये टाकायचं नाही, मग ते कितीही जवळच्या मामूजानच्या नंबरवरून आलेलं असो, कारण मामूजानचाच फोन त्या वेळी दुसऱ्याच्या ताब्यात असू शकतो. कस्टमर केअरला फक्त ॲपच्या आतूनच गाठा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात करणं कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

वेगळं खातं, ही सवय मात्र झकास

पगाराचं खातं एकीकडे आणि खरेदीचं दुसरीकडे, ही सवय आपल्या पोरांनी स्वतः शोधली आणि ती अगदी बरोबर आहे. महिन्याच्या सुरुवातीला तीन-चार हजार त्यात टाकायचे, यूपीआय आणि डेबिट कार्ड त्याच खात्याचं वापरायचं. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडायचंच नाही, किंवा त्याची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधून कमी करून ठेवायची. चहा-नाश्ता, रिक्षा यासाठी यूपीआय लाइट आहे. त्यात एका वेळी ५,००० पेक्षा जास्त शिल्लक राहत नाही आणि १,००० पर्यंतचं पेमेंट पिनशिवाय होतं. फोन हरवला तरी जाईल ते तेवढंच, पण त्यासाठी फोनला लॉक हवंच.

कोकणातल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम. रत्नागिरी, रायगडचे आपले कितीतरी तरुण कुवेत, दुबई, दोहाला आहेत. इथला नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडतो आणि किमान ९० दिवसांनंतर तो कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते. बँक, शॉपिंग ॲप, ईमेल सगळं त्याच नंबराला जोडलेलं असतं. मग ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. परदेशी गेलेल्याचा नंबर चालू ठेवा, नाहीतर बँकेत जाऊन बदला. घरच्यांनी हे काम त्याच्यावर सोडू नये.

विकणाऱ्याची बाजूही ऐका

इथवर वाचून कुणी ठरवेल की इन्स्टाग्रामवरून काही घ्यायचंच नाही. ते बरोबर होणार नाही. आपल्याच मोहल्ल्यांत कितीतरी आपा, भाभी घरून अबाया शिवतात, केक करतात, बिर्याणीचे मसाले विकतात. दुकान भाड्याने घेणं त्यांना परवडत नाही. मोबाइल हेच त्यांचं दुकान. लोक मोठ्या ॲपपलीकडे जायला घाबरतात त्याचा फटका सगळ्यात आधी यांना बसतो. शिवाय त्यांचीही फसवणूक होते : ग्राहक पेमेंटचा बनावट स्क्रीनशॉट पाठवून केक घेऊन जातो. कधी ग्राहकाने दिलेला पैसाच कुठल्यातरी फसवणुकीतला निघतो आणि पोलीस तपासात या बाईचं खातं गोठवलं जातं. हजार रुपयांच्या ऑर्डरपायी महिनाभर बँकेचे हेलपाटे.

त्यांच्यासाठी सांगायचं ते इतकंच. स्क्रीनशॉटवर भरोसा नको, बँकेत रक्कम जमा झालेली पाहूनच माल द्या. धंद्याचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं ठेवा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, ती करून घ्या आणि पेजवर तेच नाव ठेवा जे क्यूआरवर दिसतं. छोटं का होईना, बिल द्या. शक्य असेल तर अर्धे पैसे आगाऊ, अर्धे माल पोचल्यावर. खरेदीदाराने नाव-पत्ता विचारला तर वाईट वाटून घेऊ नका. आमच्या पुतणीने तो विचारला असता तर बरं झालं असतं.

एक वेगळाच इशारा याच ठिकाणी द्यायला हवा. "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, कमिशन मिळेल" असं कॉलेजच्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरांना सांगणारे फिरत असतात. फसवणुकीचा पैसा फिरवायला त्यांना अशी खाती लागतात. त्यात नाव आलं तर पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

पोलिसांचं नाव ऐकलं की

आता थोडं नाजूक, पण बोलायलाच हवं. फोन येतो : "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, मुंबई क्राइम ब्रँचमधून बोलतोय." व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस. "कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात." असला फोन कुणालाही हादरवतो. पण आपल्या नावाच्या माणसाला पोलीस, केस, एजन्सी हे शब्द ऐकले की जरा जास्तच धडकी भरते. फोन करणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. चांगली शिकलेली माणसं इज्जत वाचवायला गप्प बसून पैसे भरतात. तर लक्षात ठेवा : डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि 'चौकशीसाठी' पैसे मागत नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं. फोन ठेवायचा आणि घरातल्या कुणाला तरी लगेच सांगायचं.

याच धास्तीमुळे फसल्यानंतरही आपली माणसं पोलीस स्टेशनची पायरी चढत नाहीत. "उलट आपल्यालाच दहा प्रश्न विचारतील" असं म्हणतात. म्हणून मुद्दाम सांगतो, पहिलं पाऊल घरात बसून टाकता येतं. १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे आणि 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी संकेतस्थळावर लेखी तक्रार करता येते. १९३० वर तक्रार गेली की ज्या बँकेत पैसे पोचलेत तिथे ते रोखून धरायचा प्रयत्न होतो. ठग ते पैसे पुढच्या खात्यांत पळवत असतो, त्यामुळे पहिला तास मोलाचा. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर नंबर, रक्कम, वेळ, आपली बँक, समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने बँकेला फोन लावून खातं आणि कार्ड बंद करायला सांगावं. चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात तर मुळीच नाही. त्याच संकेतस्थळावर संशयित नंबर किंवा यूपीआय आयडी तपासायचीही सोय आहे. पैसे पाठवण्याआधी तिथे एकदा टाकून पाहायला काय हरकत आहे?

घरातल्या मोठ्यांना एक विनंती. पोरीने किंवा पोराने येऊन सांगितलं की पैसे गेले, तर "तुला अक्कल नाही का" हे वाक्य त्या तासापुरतं तरी गिळा. आमची पुतणी पाच महिने गप्प राहिली ती याच वाक्याच्या भीतीने. २,४०० रुपये होते म्हणून निभावलं.

तक्रार नोंदवून काही दिवस झाले की आणखी एक फोन येण्याची शक्यता असते. "तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला फक्त प्रोसेसिंग फी भरायची आहे." कधी तो वकील असतो, कधी 'सायबर सेलचे साहेब'. फसलेल्या माणसांच्या याद्या विकल्या जातात आणि तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा गाठलं जातं. १९३० वर किंवा संकेतस्थळावर तक्रार करायला एक रुपयाही लागत नाही, पैसे परत मिळवायलाही कुणाच्या खात्यात काही भरावं लागत नाही. तो नवा नंबरही त्याच तक्रारीत जोडून द्या.